यजमान, ऋत्विज आणि वाड्याची विक्री

पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस खरं बोलू शकतो का? हा प्रश्न वकिलांबद्दल विचारला गेला, वैद्यांबद्दल विचारला गेला, भटजींबद्दलही विचारला गेला. पण सगळ्यांत जास्त अविश्वासाने तो विचारला जातो जमिनीच्या दलालाबद्दल. माळव्यातल्या मराठी घरांत तर हल्ली तो वारंवार निघतो. अठराव्या शतकात बाजीरावाच्या फौजांबरोबर आलेल्या पवारांनी धारला आणि देवासला गाद्या स्थापल्या. त्यांच्या मागोमाग कारकून, फडणीस, पुरोहित, शिलेदार आले, त्यांचे वाडे उभे राहिले, वाटले गेले, गहाण पडले, सुटले. आज त्या घरांतली मुलं इंदूरला, पुण्याला, नाहीतर थेट अमेरिकेत आहेत. वाड्यात एखादी थकलेली आत्या, जुन्या भाड्यावर राहणारा भाडेकरू किंवा नुसतं कुलूप. इकडे पीथमपूरचे कारखाने वाढले, बदनावरकडे कापडउद्योगाचा मोठा प्रकल्प आला, इंदूर-उज्जैन-देवास-धार मिळून महानगर प्रदेश आखला जातोय, आणि ज्या जागेला कुणी विचारत नव्हतं तिला भाव आला. मग फोनवर घरची बैठक बसते. विकायचं ठरतं. लगेच पुढचं वाक्य येतं: दलाल कशाला, आपल्यातलाच कुणीतरी बघेल की. या वाक्यात कमिशन वाचवण्याचा हिशोब आहेच, पण त्याखाली एक नैतिक समजूतही आहे, की मोबदला घेणाऱ्याचा शब्द मोबदल्यानेच विटाळतो आणि नात्यातल्या माणसाचा शब्द आपोआप शुद्ध असतो. मला ही समजूत उलटी वाटते. विशेष म्हणजे ती उलटी ठरवणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद कुठल्या बाजारपेठी विचारातून येत नाही. तो यज्ञाचा विचार करणाऱ्या मीमांसकांकडून येतो.

त्याआधी जमीन विकण्याबद्दल धर्मशास्त्राला काय वाटत होतं ते पाहिलं पाहिजे, कारण ते अवघडलेपण अजून आपल्या रक्तात आहे. मराठी घरांच्या वारसाहक्काला ज्या मिताक्षरेचा आधार दिला जातो, ती लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने स्थावराची विक्रीच निषिद्ध मानणारं एक जुनं वचन समोर घेतलं आणि त्याची मोठी चतुर संगती लावली. जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते: गावाची संमती, ज्ञातींची, शेजाऱ्यांची, वारसांची, आणि सोनं व पाणी. त्याचं स्पष्टीकरण मोठं व्यवहारी आहे. गावाची संमती कशासाठी, तर व्यवहार उघड व्हावा म्हणून. ती नसेल तर व्यवहार रद्द असं नाही. शेजाऱ्यांची संमती हद्दीचा तंटा उद्भवू नये म्हणून. वेगळ्या निघालेल्या भाऊबंदांची संमती, वाटणी झाली होती की नव्हती हा संशय उरू नये म्हणून. आणि सोनं-पाणी अशासाठी, की विक्री निषिद्ध असली तरी दान प्रशस्त आहे. तेव्हा विकायचंच असेल तर दानाच्या रूपात विका. कौटिल्याने हीच गोष्ट अधिक रोखठोकपणे सांगितली. आधी नातलगांना, मग शेजाऱ्यांना, मग सावकारांना विचारायचं. नंतर आसपासच्या चाळीस कुटुंबांसमोर, घराच्या दाराशी उभं राहून हद्दी सांगायच्या आणि तीनदा पुकारा करायचा. कुणी हरकत घेतली नाही तरच विक्री.

धारच्या परमार राजा भोजाचा बेटमा इथे सापडलेला ताम्रपट याच पठडीतला आहे. विक्रम संवत १०७६, म्हणजे इसवी सन १०२० मधला. बेटमा इंदूरहून धारला जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. निमित्त आहे कोकण जिंकल्याच्या पर्वाचं, म्हणजे आपल्याकडचा पराभव हे तिकडच्या दानाचं कारण! पटावर साप धरलेला गरुड आहे, खाली राजाची स्वतःची स्वाक्षरी आहे, आणि मजकूर कुणा एकाला उद्देशून नाही. राजपुरुष, ब्राह्मण, पाटील, गावकरी अशा सगळ्यांना तो ऐकवला आहे. परमारांच्या इतर काही पटांत दान पोचवणाऱ्या मधल्या अधिकाऱ्याचं नावही कोरलेलं दिसतं. मधला माणूस तिथे चोरून काम करत नव्हता, त्याचं नाव तांब्यावर होतं. या सगळ्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. जमिनीचं हस्तांतर म्हणजे देणारा आणि घेणारा या दोघांतली कानगोष्ट, असं आपल्या परंपरेने कधी मानलंच नाही. तिसरा हवाच होता. तो तिसरा म्हणजे गाव.

आता ते गाव नाही. चाळीस कुटुंबांपैकी निम्म्यांचे पत्ते कुणाला ठाऊक नाहीत आणि उरलेल्यांना वाड्याची पूर्वेची भिंत सामाईक होती की कुणाची, हे सांगता येत नाही. पण त्या पुकाऱ्याने जे काम व्हायचं ते संपलेलं नाही, उलट वाढलंय. देवासचंच उदाहरण घ्या. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन भावांची दोन राज्यं एकाच गावात नांदत होती. थोरली पाती आणि धाकटी पाती, राजवाडे वेगळे, कारभार वेगळा. मुख्य रस्त्याची एक बाजू एकीकडे तर दुसरी दुसरीकडे, अगदी दिवाबत्ती आणि पाण्याची व्यवस्थासुद्धा स्वतंत्र. १९४८ ला दोन्ही मध्य भारतात विलीन झाली, पण कागद विलीन होत नसतात. एखाद्या वाड्याचा मूळ दस्त कुठल्या पातीचा, हे कळल्याशिवाय मालकीची साखळी मागे नेताच येत नाही. कितीतरी वाड्यांखालची जमीन नजूलची निघते, म्हणजे भिंती आपल्या आणि भुई सरकारची. पट्ट्याची मुदत कधी संपली हे घरात कुणालाच माहीत नसतं. धारकडे प्रश्न आणखी टोकदार. जिल्ह्यातल्या धार, सरदारपूर, कुक्षी, मनावर, धरमपुरी, गंधवानी या तहसिली अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ प्रमाणे आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. पूर्वजांनी ‘घेतलेल्या’ शेताचा इतिहास इथे नुसता कौटुंबिक अभिमानाचा विषय राहत नाही. सरकारने पट्ट्याने दिलेली जमीन असेल तर खसऱ्यात कैफियतीच्या रकान्यात एकच शब्द असतो, अहस्तांतरणीय, आणि पुण्याहून आलेला पुतण्या क्षेत्रफळाचा आकडा वाचून खूश होतो, त्या रकान्यापर्यंत त्याची नजर जातच नाही. कलेक्टरची परवानगी, डायव्हर्शन, नामांतरण, गाइडलाइनचा भाव, यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक खिडकी, आणि कुठली खिडकी कुणासाठी उघडते हे माहीत असणं ही विद्या आहे. ती ज्याने वर्षानुवर्षं कमावली त्याला तिचे पैसे मिळावेत यात वावगं काय आहे?

वावगं वाटतं ते विद्येपायी नाही, सत्यापायी. म्हणून आता नात्यातल्या माणसाच्या सत्याकडे वळू. वाडा ‘बघणारा’ चुलतभाऊ किंवा मामेभाऊ निःस्वार्थी असतो हे आपण गृहीत धरतो. त्याला पगार नाही हे खरं, पण त्याला हितसंबंध नाही हे कुठून आलं? तो स्वतः हिस्सेदार असेल, किंवा शेजारचा भाग त्याचा असेल आणि भिंत पाडली तर त्याचं अंगण मोठं होणार असेल, किंवा ज्याला वाडा जाणार तो त्याच्या दुकानाचा सावकार असेल. हे हितसंबंध वाईटच असतात असं नाही. ते सांगितलेले नसतात, एवढंच. आणि विचारायची सोय नसते. मराठी घरांतली भीड ही या व्यवहारातली सर्वांत महाग वस्तू आहे. वीस वर्षं आत्याचं औषधपाणी बघणाऱ्या भावाला, दादा, विसार किती घेतलास आणि पावती कुठेय, असं कोण विचारणार? बहीण तर मुळीच विचारणार नाही, कारण तिने हिस्सा मागणं हेच अजून काही घरांत माहेर तोडण्यासारखं समजलं जातं, कायद्याने तिला २००५ च्या दुरुस्तीत मुलाइतका हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं तरीही. नात्यातला मध्यस्थ तिची सही ‘घेऊन टाकतो’. ही क्रिया किती सहज उच्चारली जाते पाहा. बाहेरचा, मोबदला घेणारा, सगळ्या वारसांना एकाच वेळी एकच कागद पाठवणारा माणूस तिला निदान विचारतो तरी, कारण तिच्या सहीविना दस्त टिकणार नाही आणि कमिशन बुडेल. त्याच्या स्वार्थाने तिचा हक्क राखला जातो. हे फार उदात्त नाही, पण खरं आहे.

गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावात झालेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये निकाल लागला. बहिणीचं घर, भावाला राहू दिलं, आणि पुढे भाऊ उठायला तयार होईना. न्यायालयाने सांगितलं की राखणीला ठेवलेला माणूस, नोकर किंवा प्रेमाखातर राहू दिलेला नातलग कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. निकाल स्वच्छ आहे, पण तो मिळवायला किती वर्षं गेली असतील याचा विचार करावा. सांभाळणं आणि मालक असणं यांतली रेषा नात्यात पुसट होते ती लबाडीमुळेच असं नाही. ती पहिल्या दिवशी कुणी आखलेलीच नसते. गंमत अशी की मध्य प्रदेशात खुद्द देवालाही याच दुखण्याला तोंड द्यावं लागलं. मंदिरांच्या जमिनींवर पुजाऱ्यांची नावं लागली, त्यांतल्या काहींनी त्या विकल्या, सरकारने ती नावं काढण्याची परिपत्रकं काढली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जमीन देवतेची. पुजारी हा देवतेच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा सेवक, भूमिस्वामीच्या रकान्यात त्याच्या नावाची गरज नाही. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणाऱ्याने स्वतःला मालक समजू नये. अमेरिकेत बसलेला वारस आणि गाभाऱ्यातली मूर्ती यांची स्थिती या बाबतीत फारशी वेगळी नाही.

आता मीमांसकांकडे. यज्ञ करणारा यजमान सगळी कर्मं स्वतः करू शकत नाही. आहुती अध्वर्यू देतो, ऋचा होता म्हणतो, उद्गाता गातो. हे त्याचे ऋत्विज, म्हणजे यज्ञ करून देणारे पुरोहित. मग फळ कुणाला? मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी याचं उत्तर ठाम आहे: जो कर्म करवतो त्याला. ऋत्विजाने मंत्रात मागितलेलं धनधान्यसुद्धा सामान्यतः यजमानासाठीच मागितलेलं धरायचं. ऋत्विजाला काय मिळतं? दक्षिणा. आणि ही दक्षिणा म्हणजे बक्षीस नव्हे, दान नव्हे, तो सेवेचा सरळसरळ मोबदला आहे, असं म्हणायला मीमांसक जराही कचरत नाहीत. विकत घेतलेली सेवा, आणि तरीही ते वेदविहित कर्म. इतकंच नव्हे तर ऋत्विजाचं रीतसर वरण, म्हणजे निवडून नेमणूक, करावं लागतं. वाटेने जाणारा कुणी आला आणि त्याने आहुती टाकली, असं चालत नाही. ही व्यवस्था नीट पाहिली तर तिच्यात सत्याची हमी कुठे ठेवली आहे ते कळतं. ऋत्विज निरिच्छ असला पाहिजे अशी अट नाही. अट अशी, की त्याची इच्छा दक्षिणेपाशी संपली पाहिजे. यज्ञाच्या फळात त्याचा चोरटा वाटा नको. आजचा कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये अभिकर्त्याबद्दल, म्हणजे एजंटाबद्दल, एक पूर्ण प्रकरण आहे. एजंटाने मालकाच्या सूचना पाळाव्यात, मागितला की हिशोब द्यावा, अडचण आली तर कळवावं. मालकाला न सांगता त्याने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला तर कलम २१६ प्रमाणे तो नफा मालक मागू शकतो, आणि काम गैररीतीने केलं तर कलम २२० प्रमाणे तेवढ्या भागाचा मोबदला बुडतो. इंग्रजांनी आपल्या न्यायपरंपरेतून आणलेला हा कायदा जैमिनीला फारसा परका वाटला नसता.

इथे एक चांगला आक्षेप येतो. मीमांसेतच सत्र नावाचा यज्ञप्रकार आहे. त्यात सतरा किंवा अधिक जण एकत्र येतात, सगळेच यजमान, सगळेच ऋत्विज, आणि म्हणून दक्षिणा नाही. मग चार भावंडांनी मिळून वाडा विकणं हे सत्र का नाही? असू शकतं. चौघं एका गावात असतील, चौघांना कागद वाचता येत असतील, फळ समान वाटायचं असेल आणि कामही समान असेल, तर दलालाची गरज नाही, असं मी बिनदिक्कत म्हणेन. पण सत्राची अट समानतेची आहे. प्रत्यक्षात तिघं फोनवर, एक गावात, हिस्से मात्र चार आणि कष्ट एकट्याचे. मग त्या एकट्याच्या मनात हळूहळू दक्षिणेची भावना उगवते, ती तो बोलून दाखवत नाही, आणि न बोललेली दक्षिणा तो फळातून काढून घेतो. याला कुणी लबाडी म्हणेल. मी त्याला चुकीच्या प्रकारचा यज्ञ म्हणतो. त्याला सुरुवातीलाच एजंट नेमून मोबदला ठरवून दिला असता तर तो प्रामाणिक राहिला असता.

कायद्याच्या बाजूने याहून बारीक आक्षेप निघतो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम १८५ म्हणतं की एजंट नेमायला मोबदला लागतच नाही. म्हणजे फुकट काम करणारा भाऊही कायद्याने एजंटच, त्यालाही हिशोब देणं बंधनकारक. मग पैसे देऊन वेगळं काय मिळालं? उत्तर कलम २१२ मध्ये आहे. एजंटाने त्या धंद्यातल्या माणसांकडे सर्वसाधारणपणे असतं तेवढं कौशल्य वापरलं पाहिजे, मात्र त्याच्याकडे ते नाही हे मालकाला माहीत असेल तर गोष्ट वेगळी. आता आपला भाऊ बँकेतून निवृत्त झालाय आणि त्याने आयुष्यात एकही रजिस्ट्री केलेली नाही, हे आपल्याला माहीत असतंच. तेव्हा त्याने नजूलचा कागद तपासला नाही म्हणून तक्रार करायला तोंड राहत नाही. जो स्वतःला जाणकार म्हणवून पैसे घेतो, तोच अज्ञानाबद्दल जबाबदार धरला जाऊ शकतो. कौशल्याचा दावा करणं हीच त्याची प्रतिज्ञा, आणि जिथे प्रतिज्ञा आहे तिथेच असत्य पकडता येतं.

दलालाच्या बाजूने इतकं बोलल्यावर त्याच्याविरुद्ध सर्वांत वजनदार असलेली गोष्टही मांडतो. टक्केवारी. समजा वाडा एक कोटीला जाऊ शकतो आणि पंच्याण्णव लाखांचं गिऱ्हाईक आज दारात उभं आहे. एक टक्का कमिशन असेल तर थांबण्यात मालकाचा फायदा पाच लाखांचा, दलालाचा पाच हजारांचा. पाच हजारांसाठी तो चार महिने फेऱ्या का मारेल? तो म्हणेल, काका, भाव पडतोय, सोडू नका. हे बोलताना तो खोटं बोलतोय असं त्याला वाटणारही नाही. मनुष्य आपल्या सोयीचं तेच खरं मानत जातो. हा दोष खरा आहे आणि तो माणसाच्या चारित्र्यापेक्षा मोबदल्याच्या रचनेत आहे. म्हणूनच तो दुरुस्त करता येतो. ठरावीक रकमेच्या वरच्या किमतीवर जास्त दर लावता येतो, किंवा कागदपत्रं शोधण्याची फी वेगळी, विक्रीवर अवलंबून नसलेली, देता येते, आणि मालकीचा शोध त्याच्याकडून न घेता स्वतंत्र वकिलाकडून घेता येतो. नात्यातल्या माणसाचा छुपा हितसंबंध असा दुरुस्त करता येत नाही, कारण तो टेबलावरच येत नाही.

दोन्हीकडून कमिशन घेण्याची जी चाल माळव्यात आणि महाराष्ट्रातही सर्रास आहे, तिच्याबद्दल मात्र मला काही बचाव सुचत नाही. तिचे समर्थक तुलाधाराचं उदाहरण देऊ शकतील. महाभारताच्या शांतिपर्वातला हा काशीचा वाणी तपस्वी जाजलीला धर्म शिकवतो. त्याची तागडी सगळ्यांना सारखी. दलालही तसाच, दोघांना सारखा, असं म्हणता येईल. पण तुलाधार स्वतःचा माल विकत होता, कुणाच्या वतीने घासाघीस करत नव्हता. विकणाऱ्याने जास्तीत जास्त मागावं आणि घेणाऱ्याने कमीत कमी द्यावं हे दोन्ही एकाच तोंडाने सांगणारा माणूस समदर्शी नसतो, तो दोघांपैकी एकाशी गप्प असतो. याउलट उद्योगपर्वातली शिष्टाई पाहा. तंटा जमिनीचाच, शेवटी मागणी पाच गावांवर आलेली. कृष्ण दोन्ही घरांचा नातलग, पण कुणाचा दूत म्हणून आलो हे तो लपवत नाही. बाजू घेतल्याने त्याच्या शब्दाचं सत्य कमी होत नाही, कारण ऐकणाऱ्याला बाजू ठाऊक आहे. दलालाने एकतर बाजू घ्यावी आणि तसं सांगावं, किंवा निव्वळ गाठ घालून देणारा मध्यस्थ राहावं आणि भावाबद्दल तोंड उघडू नये. आपली बाजू घेतली म्हणजे दुसऱ्याशी खोटं बोलायची मुभा मिळाली, असंही नाही. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५५ प्रमाणे मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. ऋत्विजाने यजमानासाठी काय काय मागावं याला सीमा असते.

आता सगळं ऑनलाइन दिसतं, खसरा मोबाइलवर निघतो, तर मधला माणूस हवाच कशाला, असंही विचारलं जातं. नोंद दिसते, पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. भू-राजस्व संहितेचं कलम ११७ नोंदी खऱ्या धरायला सांगतं ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच, आणि नामांतरणाने मालकी हक्क येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. मागच्या खोलीत कुणाचा स्वयंपाक चालतो हे पोर्टलवर दिसत नाही. कायद्याने दलालाला वेसण घातली आहे, हे समाधानही अर्धवटच. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, हिशोबाची पुस्तकं ठेवायला लावली, खोट्या जाहिरातींना बंदी केली. महाराष्ट्रात २०२३ पासून परीक्षाही आहे. पण ही नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. नवी कॉलनी, नवा टॉवर तिच्या कक्षेत येतो. देवासच्या गल्लीतला दीडशे वर्षांचा वाडा येत नाही. जिथे जाणकार माणसाची गरज सर्वांत जास्त, तिथेच त्याच्यावर सर्वांत कमी देखरेख. त्यामुळे लेखी करार, त्यात काम, मोबदला, मुदत आणि बाजू, ही तजवीज मालकालाच करावी लागते.

आणि मालकाने दुसऱ्यावर काय सोपवायचं नाही, तेही पाहायला हवं. देवासच्या थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला खाजगी चिटणीस म्हणून आणलं. भाऊबंदकीने आणि मानापमानाने गजबजलेल्या दरबारात कुठल्याच गटाचा नसलेला माणूस. बागा, मोटारी, वीजघर त्याच्याकडे सोपवले गेले. महिने थोडे, जिव्हाळा पुष्कळ, पण संस्थानाची आर्थिक घसरण काही थांबली नाही. पुढे महाराज देवास सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. बाहेरचा प्रामाणिक माणूस आणला की काम झालं, असं नसतं. यज्ञातही सगळी कर्मं ऋत्विज करत असला तरी संकल्प यजमानाचा, आणि द्रव्यावरचा आपला हक्क सोडल्याचा उच्चारही यजमानानेच करायचा. त्यागाला मुनीम चालत नाही. वाड्याच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे. विकायचं की नाही, कुणाला, किती खालपर्यंत उतरायचं, आणि किमतीतला काही भाग रोखीने ‘वरचा’ घ्यायचा की नाही, हे दलालावर ढकलायचे निर्णय नाहीत. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. ती मोडली तर पाप आणि दंड दोन्ही यजमानाचे, कारण करवणारा तोच. परदेशातून आममुखत्यारपत्र पाठवून मोकळं होण्याची जी रीत पडली आहे तीही इथेच अडते. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगूनही झालंय. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर ते त्या एका वाड्यापुरतं, त्या एका किमतीपुरतं असावं, आणि खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार दिला तरी पैसे घेण्याचा देऊ नये. रक्कम प्रत्येक वारसाच्या खात्यात थेट जमा व्हावी, आत्याच्यासुद्धा.